हॅरी वॉरन : प्रसंगासाठी बांधलेल्या आणि प्रसंगाबाहेर पडलेल्या चाली

पायपेटी (धागालेखिका)

एटा जेम्स यांचे 'अ‍ॅट लास्ट', डीन मार्टिन यांचे 'दॅट्स अमोरे' आणि फ्लमिंगोज या गायकगटाचे 'आय ओन्ली हॅव आइज फॉर यू' ही तीन गाणी मी कित्येक वर्षे ऐकत आले. तिन्हींच्या चाली एकाच माणसाच्या आहेत हे मला फार उशिरा कळले. आधी विश्वासच बसला नाही, कारण पहिल्यात एक दीर्घ, संथ तृप्ती आहे, दुसऱ्यात इटालियन जत्रेतली गिरकी आहे आणि तिसऱ्यात प्रेमात गुंग झालेल्या माणसाचे बेभान पुटपुटणे आहे. त्या माणसाचे नाव हॅरी वॉरन. जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर आणि अर्व्हिंग बर्लिन ही नावे पाश्चात्त्य संगीताशी जुजबी ओळख असलेल्यांनाही ठाऊक असतात, पण वॉरन यांचे नाव जाणकारांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते. मला या गोष्टीची मनापासून खंत वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

वॉरन यांचा जन्म १८९३ साली नाताळच्या आदल्या दिवशी ब्रुकलिनमध्ये, इटलीतून आलेल्या एका चर्मकाराच्या मोठ्या कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव साल्व्हातोरे अँतोनियो ग्वाराग्ना. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. वडिलांचे अकॉर्डियन त्यांनी स्वतःच वाजवून पाहिले, चर्चच्या गायनवृंदात गायले आणि शाळा अर्धवट सोडून वाद्यवृंदात ड्रम वाजवले. त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा मात्र यानंतरचा आहे. ब्रुकलिनमध्ये व्हिटाग्राफ नावाचा चित्रपट स्टुडिओ होता आणि मूकपटांच्या त्या काळात वॉरन तिथे पडेल ते काम करत. त्यातले एक काम असे, की चित्रीकरण चालू असताना सेटवर पियानो वाजवायचा, म्हणजे नटनट्यांना त्या प्रसंगाचा भाव सापडेल. प्रेक्षकांना ते सूर कधीच ऐकू जाणार नव्हते. चित्रपट बोलू लागण्यापूर्वीच या माणसाची बोटे समोरच्या चेहऱ्याकडे पाहून सूर शोधायला शिकली होती, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली मला इथेच सापडते.

१९३३ साली वॉर्नर ब्रदर्सच्या '४२ स्ट्रीट' या चित्रपटामुळे त्यांचे आणि गीतकार अल डुबिन यांचे नाव झाले. त्या दशकातल्या कामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. मला बोलायचे आहे ते १९४० पासूनच्या दीड-दोन दशकांविषयी, जेव्हा ते आधी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स, मग एमजीएम आणि त्यानंतर पॅरामाउंट अशा स्टुडिओंसाठी काम करत होते.

फॉक्समध्ये त्यांना मॅक गॉर्डन हे गीतकार मिळाले आणि मागण्या आल्या त्या एकापेक्षा एक निराळ्या. 'दॅट नाइट इन रिओ' (१९४१) या चित्रपटात कार्मेन मिरांडा यांच्यासाठी ब्राझिली ढंगाची, जिभेला कसरत करायला लावणारी गाणी हवी होती. त्याच वर्षीच्या 'सन व्हॅली सेरेनेड'मध्ये ग्लेन मिलर यांचा बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद, पडद्यावर दिसणार होता, म्हणून ब्रास वाद्यांना (ट्रम्पेटसारख्या पितळी फुंकवाद्यांना) खेळायला मोकळे मैदान देणारी चाल हवी होती. तिथून 'चॅटानूगा चू चू' आले. त्या तबकडीच्या बारा लाख प्रती खपल्या आणि आरसीए व्हिक्टर कंपनीने १० फेब्रुवारी १९४२ रोजी मिलर यांना सोनेरी मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. 'गोल्ड रेकॉर्ड' या प्रथेचा आरंभ तिथे झाला असे मानले जाते. पुढे १९४३ च्या 'हॅलो, फ्रिस्को, हॅलो' या चित्रपटात अ‍ॅलिस फे यांनी 'यूल नेव्हर नो' गायले. चित्रपटाची कथा जुन्या सॅन फ्रान्सिस्कोतली होती, पण माणसे दूर युद्धावर गेली असताना घरी राहिलेल्यांनी ते गाणे आपले मानले. वॉरन यांना मिळालेल्या तीन ऑस्करांपैकी दुसरे या गाण्याचे. पहिले १९३५ च्या 'ललबाय ऑफ ब्रॉडवे'ला आणि तिसरे १९४६ च्या 'द हार्वी गर्ल्स'मधल्या रेल्वेगीताला मिळाले.

वॉरन यांना स्वतःची शैली नव्हती, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गर्श्विन यांचे चार सूर ऐकले की ते ओळखू येतात, वॉरन यांचे येत नाहीत, असे म्हणतात. मला हा आक्षेप उलटा वाटतो. जो माणूस प्रसंगाकडे, गायकाच्या गळ्याकडे आणि वाद्यवृंदाच्या ताकदीकडे पाहून चाल बांधतो, त्याची सही सुरावटीत शोधण्याऐवजी त्याच्या नेमकेपणात शोधायला हवी. यावर जाणकारांनी लिहावे, असहमती असली तर अवश्य लिहावी.

---

चतुरश्र

धागा आवडला, पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही आणि तो मतभेद सविस्तर मांडतो.

आपण ज्याला वॉरन यांचे गाणे म्हणतो, त्यातला किती भाग त्यांचा असतो? 'चॅटानूगा चू चू' ऐकताना अंगावर जो काटा येतो, त्याचे मोठे श्रेय संगीत संयोजक जेरी ग्रे यांना द्यावे लागते. सुरुवातीला गाडीने वाफ सोडावी तसा ब्रास वाद्यांचा उसासा आणि मग हळूहळू पकडला जाणारा वेग, हे संयोजन आहे. 'अ‍ॅट लास्ट' आज जगाला माहीत आहे ते एटा जेम्स यांच्या १९६० च्या अल्बममुळे, आणि त्यातल्या तंतुवाद्यांची ती भरून येणारी लाट रायली हॅम्प्टन यांची आहे. 'द हार्वी गर्ल्स'मधल्या गाण्याला जो विस्तार मिळाला, त्यामागे एमजीएमच्या संगीत विभागातील केय थॉम्पसन यांचे समूहगायनाचे काम आहे. स्टुडिओ ही एक मोठी कार्यशाळा होती आणि संगीतकार तिला कच्चा माल पुरवत असे. म्हणूनच 'नेमकेपणा' हा गुण एकट्या वॉरन यांच्या पदरात टाकताना मला संकोच वाटतो. त्यांच्याच काळातले संगीतकार हॅरल्ड आर्लेन यांच्या गाण्यांचेही असेच संयोजन होत असे, तरी त्यांच्या चालीतली ब्लूजची (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखगीतांची) वेदना कोणत्याही संयोजनातून वर येते. शैली म्हणजे ती.

---

वाफेचे_इंजिन

मी संगीतातला जाणकार नाही, रेल्वेचा अभ्यासक आहे, आणि वॉरन यांच्यापर्यंत मी रुळांवरूनच पोचलो. त्यांच्या नावावर रेल्वेची किमान तीन थोर गाणी आहेत आणि तिन्हींमधली गाडी वेगवेगळी आहे. चतुरश्र यांच्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर त्यात असावे असे वाटते.

'४२ स्ट्रीट'मधले 'शफल ऑफ टू बफेलो' हे मधुचंद्राला निघालेल्या जोडप्याचे गाणे आहे. त्यातली गाडी झोपण्याच्या डब्यांची आहे, म्हणून चाल पाय घासत, अर्धवट डुलकी घेत चालते.

'चॅटानूगा चू चू'मधला प्रवासी न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्थानकातून पावणेचारच्या सुमारास निघतो, मासिक वाचेपर्यंत बाल्टिमोर येते, कॅरोलायना प्रांतात डायनिंग कारमध्ये जेवण होते आणि शेवटी टेनेसी जवळ येते. गीतकाराने अख्खे वेळापत्रकच दिले आहे. शिट्टी 'एट टू द बार' वाजते असा त्यात एक उल्लेख आहे. चार मात्रांच्या एका मापात आठ आघात, म्हणजे बूगी-वूगीचा ठेका, आणि रुळांच्या सांध्यांवरून चाके जाताना होणारा आवाजही तोच. चित्रपटात बँडचे वादन आणि टेक्स बेनेकी यांचे गायन झाले की डोरोथी डँड्रिज आणि निकोलस बंधू त्याच चालीवर नाचतात. ते नृत्य पाहिले की इतके आघात पेलण्याची ताकद मुळात चालीत होती हे पटते.

तिसरे गाणे मला सर्वांत प्रिय आहे. अ‍ॅचिसन, टोपीका अँड सँटा फे ही खरी रेल्वे कंपनी होती आणि तिच्या मार्गावर फ्रेड हार्वी यांची उपाहारगृहे होती. 'द हार्वी गर्ल्स' या चित्रपटाची कथा तिथे वाढायला आलेल्या मुलींची आहे. गीतकार जॉनी मर्सर यांना या रेल्वेच्या नावातच लय ऐकू आली. इतके लांबलचक, अधिकृत कागदावर शोभणारे नाव चालीत बसवणे सोपे नव्हते, पण वॉरन यांनी ते असे बसवले आहे की नाव उच्चारताच गाडी चढ संपवून उतरणीला लागल्यासारखी वाटते. पडद्यावर गाडी यायच्या आधीच गावकरी ही चाल गुणगुणू लागतात, मग गाडीतले कर्मचारी, मग एकेक मुलगी आपण कुठून आलो ते सांगते, आणि शेवटी जुडी गार्लंड डब्यातून उतरतात. केय थॉम्पसन यांनी विस्तार केला हे खरेच आहे, पण एवढे डबे जोडले तरी ओढू शकेल असे इंजिन आधी कुणीतरी घडवावे लागते.

---

साऊंडट्रॅक_वही

नाव का झाले नाही, या प्रश्नाकडे मी व्यवहाराच्या बाजूने पाहते.

ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, संगीतिका रंगायची तेव्हा जाहिरातीत संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत असे, कारण लोक त्याची गाणी ऐकायला तिकीट काढत. हॉलिवूडमध्ये तिकीट नटांच्या नावावर खपत असे आणि संगीतकार हा पगारी नोकर होता. १९२९ साली वॉर्नर ब्रदर्सने विटमार्क, हार्म्स आणि रेमिक या जुन्या संगीत प्रकाशन संस्थाच विकत घेतल्या, त्यामुळे गाणे लिहिले जाण्याच्या क्षणापासून ते स्टुडिओच्या घरातले झाले. बर्लिन स्वतःचे प्रकाशक होते, पोर्टर आणि गर्श्विन ब्रॉडवेहून कीर्ती घेऊन आले होते. वॉरन यांची कारकीर्द मुख्यतः चित्रपटांतच घडली आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव काही सेकंद दिसून जाई.

त्यांच्या गाण्यांवर परिस्थितीचे जे घाव बसले, त्यांतले दोन सांगण्यासारखे आहेत. 'चॅटानूगा चू चू'ला १९४१ साठी ऑस्करचे नामांकन होते, पण पारितोषिक गेले जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्या 'द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस'ला. ते सुंदर गाणे आहे, मात्र ते चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते, आधीपासूनच लोकप्रिय होते. कर्न यांना स्वतःलाच ही गोष्ट योग्य वाटली नाही आणि त्यानंतर गाणे त्या चित्रपटासाठीच रचलेले असले पाहिजे असा नियम झाला. मला कर्न यांच्या सचोटीचे फार कौतुक वाटते. पण त्या वर्षी नेमकी चित्रपटासाठी गाणे बांधणारी माणसे रिकाम्या हाताने परतली, हेही विसरता येत नाही.

दुसरा प्रसंग 'यूल नेव्हर नो'चा. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादक संघटनेने तबकड्यांसाठी वाजवणे बंद केले. त्यांच्या मागणीचा मुख्य रोख तबकड्यांमुळे वादकांच्या बुडणाऱ्या कामाकडे होता. चित्रपटांचे ध्वनिमुद्रण चालू होते, म्हणून पडद्यावर या गाण्यामागे वाद्यवृंद आहे. तबकडी काढायची तर मात्र वादक मिळेनात. गायक त्या संघटनेचे सभासद नसल्यामुळे १९४३ मध्ये डिक हेम्स यांनी साँग स्पिनर्स या गायकगटाच्या साथीने आणि फ्रँक सिनाट्रा यांनी बॉबी टकर सिंगर्सच्या साथीने हे गाणे केवळ मानवी आवाजांत ध्वनिमुद्रित केले. दोन्ही तबकड्या गाजल्या.

चतुरश्र, तुमच्या मुद्द्यावर माझे एवढेच म्हणणे आहे, की इथे संयोजकाच्या हातातली सगळी वाद्ये काढून घेतली गेली होती, तरीही गाणे घरोघर पोचले.

---

चतुरश्र

साऊंडट्रॅक_वही यांनी दिलेले उदाहरण निरुत्तर करणारे आहे आणि ते मी मान्य करतो. हेम्स यांची तबकडी काल रात्री पुन्हा ऐकली. मागे फक्त गुणगुणणारे आवाज आहेत, आणि चाल कुठेही उघडी पडत नाही.

आर्लेन यांच्याविषयीचे माझे मत कायम आहे, पण एमजीएमच्या काळातल्या दोन गोष्टी आठवल्या, त्या वॉरन यांच्या बाजूने जातात म्हणून लिहितो. 'द बार्कलीज ऑफ ब्रॉडवे' (१९४९) या चित्रपटासाठी त्यांनी गीतकार आयरा गर्श्विन यांच्या शब्दांवर काम केले, पण त्यात जॉर्ज गर्श्विन यांचे १९३७ सालचे एक जुने गाणे घालण्यात आले. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स ही गाजलेली नृत्यजोडी दहा वर्षांनी एकत्र येत होती, प्रेक्षकांना स्मरणरंजन हवे होते, आणि चित्रपटातला सर्वांत हळवा क्षण दुसऱ्याच संगीतकाराच्या वाट्याला गेला. लगेच पुढच्या वर्षी 'समर स्टॉक'मध्ये तेच झाले. तो चित्रपट आज आठवतो तो जुडी गार्लंड यांच्या 'गेट हॅपी'मुळे, आणि ती चाल आर्लेन यांची, १९३० सालची आहे. त्याच चित्रपटात जीन केली यांनी करकरणारी फळी आणि पसरलेले वर्तमानपत्र यांच्या आधारे एकट्याने केलेले नृत्य आहे. त्यामागे वाजणारी 'यू वंडरफुल यू' ही चाल वॉरन यांची आहे. लोक पायांकडे पाहतात आणि चाल विसरतात. पण ती चाल थोडी जरी पुढेपुढे करणारी असती, तर फळीची करकर ऐकूच आली नसती. तुमच्या 'नेमकेपणा' या शब्दाचा अर्थ मला हे नृत्य पुन्हा पाहताना थोडा कळला.

---

दूरची_गलबते

पायपेटी, १९५७ च्या 'अ‍ॅन अफेअर टू रिमेंबर'चा उल्लेख राहिला, म्हणून भर घालते. फ्रान्सच्या किनाऱ्यावर नायकाची वृद्ध आजी पियानोवर एक चाल वाजवते आणि डेबोरा कर त्या चालीवर गातात (प्रत्यक्ष आवाज मार्नी निक्सन यांचा). ते दोघे प्रेमात पडत आहेत हे त्यांच्या स्वतःच्या आधी त्या चालीला कळते. पुढे जेव्हा जेव्हा आजीची आठवण निघते, तेव्हा ती चाल परत येते, आणि पार्श्वसंगीतकार ह्युगो फ्रीडहोफर यांनी तिचा धागा फार जपून वापरला आहे. गाणे हे कथेतले एक पात्र होऊन वावरते. शब्द हॅरल्ड अ‍ॅडमसन आणि दिग्दर्शक लिओ मॅककेरी यांचे. वॉरन यांना मिळालेल्या अकरा ऑस्कर नामांकनांपैकी हे शेवटचे. आपल्याकडच्या वाचकांना ही कथा १९९९ च्या 'मन' या हिंदी चित्रपटामुळे ओळखीची वाटेल, मात्र ती चाल तिकडेच राहिली.

एक प्रश्नही आहे. या बिग बँड संगीताचा आपल्याकडच्या संगीतावर झालेला परिणाम कुणी सांगू शकेल का?

---

साऊंडट्रॅक_वही

थोडक्यात सांगते, कारण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. मुंबईच्या हॉटेलांतल्या नृत्यवृंदांमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते आणि स्विंग संगीत, म्हणजे बिग बँडचे नाचायला लावणारे जॅझ, त्यांच्या बोटांत मुरलेले होते. त्यांपैकी चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झालेले ट्रम्पेटवादक आणि सी. रामचंद्र यांनी एकत्र काम केले, आणि 'अलबेला' (१९५१) मधल्या गाण्यांत त्या संगीताची उसळी स्पष्ट ऐकू येते. मात्र वॉरन यांच्या एखाद्या विशिष्ट चालीशी नाते जोडणे मला धाडसाचे वाटते.

---

पायपेटी (धागालेखिका)

सर्वांचे मनापासून आभार. चतुरश्र यांच्या फळीच्या उदाहरणाने माझा मुद्दा मला मांडता आला त्यापेक्षा चांगला मांडला.

दोन गोष्टींची भर घालते. 'दॅट्स अमोरे' (१९५३, 'द कॅडी') हे गाणे ऐकताना लोक त्यातल्या पिझ्झा आणि पास्त्यावर हसतात. शब्द जॅक ब्रूक्स यांचे आहेत, आणि गाण्याची गंमत इटालियन नेपथ्य मिरवण्यात आहे हे उघड आहे. पण तीन मात्रांचा तो झोका साल्व्हातोरे ग्वाराग्ना नावाच्या मुलाने वडिलांच्या अकॉर्डियनवर ऐकलेल्या सुरांच्या फार जवळचा असणार, असे मला नेहमी वाटते. गाणारे डीन मार्टिनही मूळचे दिनो क्रोचेत्ती. नाव बदलून अमेरिकन झालेले दोन इटालियन वंशाचे कलावंत पडद्यासाठी 'इटालियन' गाणे करतात आणि ते खोटे वाटत नाही, यामागे हेच कारण असावे.

दुसरी गोष्ट 'अ‍ॅट लास्ट'ची. मला खासगी संदेशातून दोघांनी विचारले, की ते 'सन व्हॅली सेरेनेड'मधले की 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज'मधले. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ते पहिल्या चित्रपटासाठी रचले गेले, पण तिथे त्याचे गायन वगळण्यात आले आणि केवळ वाद्यांवर चाल वापरली गेली. शब्दांसह ते १९४२ मध्ये 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज'मध्ये आले, तिथे लिन बारी यांच्या ओठांमागे पॅट फ्रायडे यांचा आवाज आहे आणि सोबत रे एबर्ली गातात. मग अठरा वर्षांनी बावीस वर्षांच्या एटा जेम्स यांनी ते ब्लूजच्या अंगाने गायले, आणि २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीनंतरच्या नृत्यसमारंभात बियॉन्से यांनी ते म्हटले. पहिल्या दोन अक्षरांवरच चाल थांबते आणि गायिकेला हवा तितका श्वास घेऊ देते. मिलर यांच्या सॅक्सोफोनवाल्यांनी ती जागा मखमलीने भरली, एटा जेम्स यांनी वाट पाहून थकलेल्या आवाजाने भरली.

ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन्ही चित्रपट त्याच क्रमाने पाहावेत. पहिल्यात चाल एकटी वाजते तेव्हा शब्द आपल्याला ठाऊक असूनही ते आठवू नयेत असा प्रयत्न करून पाहा. मला तो दोनदा जमला नाही, तिसऱ्यांदा जमला.